साळवेची वरकड सहा वर्षं

वहिनींचा फोन सकाळी सव्वासातला आला. मी दाढी करत होतो, अर्ध्या गालाला साबण तसाच होता. “भाऊजी, हे गेले,” त्या म्हणाल्या, आणि मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाल्या, “छातीत कफ भरला होता. पोटाचं नव्हतं हां. डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं, पोटातलं सगळं जागच्या जागी होतं.” नवरा गेल्याची बातमी देताना कुणी असं सांगतं का, असं एखाद्याला वाटेल. मला नाही वाटलं. उलट माझ्या तोंडून “बरं झालं” असं निघून गेलं आणि मी जीभ चावली. “हो ना,” वहिनी म्हणाल्या… आणि मग फोनच्या दोन्ही बाजूंनी आम्ही रडलो. सहा वर्षांपूर्वी त्या पोटाने आम्हा तिघांना असं काही नाचवलं होतं, की अखेर ते पोट जिंकलं नाही याचं समाधान त्या सकाळीसुद्धा आम्हाला झालं.

मारुती साळवे माझा मित्र. चौऱ्याहत्तरावं चालू होतं. मूळचा उदगीरकडचा, विशीत भोसरीच्या एका फाउंड्रीत साचे भरायला लागला. मी तिथेच तपासणी खात्यात होतो. आमची ओळख भांडणातून झाली. त्याने ओतलेला एक भाग मी नापास करून बाजूला ठेवला, तर हा पठ्ठ्या तो वीस-बावीस किलोचा लोखंडी ठोकळा खांद्यावर टाकून थेट माझ्या टेबलापाशी आला. “ह्यात काय खोट आहे, दाखव.” मी भिंग दिलं आणि टाचणीच्या डोक्याएवढं भोक दाखवलं. त्याने बराच वेळ बघितलं, “आहे खरं,” म्हणाला, आणि ठोकळा परत खांद्यावर टाकून निघून गेला. दुपारी डबा घेऊन माझ्याशेजारी येऊन बसला. तेव्हापासून तो तिथेच बसला म्हणायला हरकत नाही. पुढे फाउंड्री बंद झाली, आम्ही दोघंही चाकणच्या एका कंपनीत लागलो, तो स्टोअरमध्ये आणि मी पुन्हा तपासणीत, पण डब्याची जागा बदलली नाही.

साळवेच्या दोन गोष्टी सगळ्या कंपनीला माहीत होत्या. एक म्हणजे त्याला वजन उचलल्याशिवाय राहवत नसे. कुणाचं घर बदलायचं असलं की पहिला निरोप साळवेला. कपाट असो, टाकी असो, तो आधी त्याच्याभोवती एक फेरी मारायचा, मग दोन्ही हातांवर फुंकर घालायचा आणि उचलायचा. दुसरी गोष्ट म्हणजे त्याला हळू बोलता येत नसे. फाउंड्रीच्या आवाजात उमेदीची वर्षं गेलेली, त्यामुळे कान थोडे गेलेले आणि आवाज कायमचा चढलेला. त्याने कानात काही सांगितलं तरी ते शेजारच्या खोलीत ऐकू जायचं.

एकसष्टीत त्याला हृदयविकाराचा झटका आला. त्यातून वाचला, पण हृदयाची ताकद निम्म्याहून कमी राहिली. छातीत फाउंड्रीची धूळ होतीच, वर पस्तीस वर्षांच्या बिड्या. त्याने बिडी सोडली होती, पण बिडीने त्याला सोडलं नव्हतं. दोन जिने चढला की उभा राहायचा आणि ‘नजारा बघायलोय’ असं सांगायचा. एवढं सोडलं तर त्याचं बरं चाललं होतं. अडुसष्टाव्या वर्षी लघवीचा त्रास सुरू झाला म्हणून चिंचवडच्या एका छोट्या दवाखान्यात सोनोग्राफी करायला गेला, आणि तिथे तपासणाऱ्या बाईंचा हात लघवीची पिशवी सोडून पोटाच्या मधोमधच थांबला.

हे मला त्याने निगडीच्या बस स्टँडवर सांगितलं. मुद्दाम मला तिथे बोलावलं, म्हणजे घरी कुणाला कळायला नको. “प्रभाकर,” तो माझ्या कानाशी लागून म्हणाला, “कुणाला बोलू नकोस. माझ्या पोटात फुगा झालाय.” आजूबाजूचे आठ-दहा जण वळून बघायला लागले. “मोठी नस असती म्हणं, काळजातून निघून पोटात उतरती. ती फुगलीय. साडेसहा सेंटिमीटर. फुटली की दवाखान्यात न्यायलाबी वेळ मिळत नाही. वजन उचलायचं नाही, जोर लावायचा नाही.”

“मग ऑपरेशन?”

“पोट उभं फाडून ती नस बदलायची असती. पण तुमचं हृदय अन् छाती बघता तुम्ही टेबलावरच राहाल, डॉक्टर म्हणला.”

एक भाजीची पिशवी घेतलेली बाई च्‌ च्‌ करत होती. बसला टेकून उभा असलेला कंडक्टर म्हणाला, “काका, अजून एखाद्या डॉक्टरला दाखवा की.” साळवे त्याच्यावर खेकसला, “तू तुझी बस बघ!” मग मला म्हणाला, “शकूला सांगायचं नाही. शपथ घे.”

शकूवहिनींना का सांगायचं नाही, याला त्याच्याकडे कारण होतं. पिंपरीत स्टेशनच्या मागे भाड्याच्या दोन खोल्यांत त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. मुलगी प्रज्ञा त्याच खोल्यांत शिकून इंजिनिअर झाली, लग्न होऊन सांगवीला गेली. आता कुठे मोशीत त्यांचा स्वतःचा फ्लॅट तयार झाला होता आणि तीन आठवड्यांनी राहायला जायचं होतं. वहिनींनी पडदे शिवून ठेवले होते. “इलाज असता तर सांगितलं असतं,” साळवे म्हणाला. “इलाजच नाही तर सांगून काय करू? नव्या घरात चार दिवस हसू दे तिला.” मला ते पटलं. खरं म्हणजे मला ते थोर वाटलं. डोळे भरून आले माझे. आज वाटतं, त्या कंडक्टरला जेवढी अक्कल होती तेवढीही त्या दिवशी आम्हा दोघांना मिळून नव्हती.

पुढचे तीन आठवडे मी हमाल झालो. माझं वजन तेव्हा चोपन्न किलो होतं, त्यात चष्माही आला. आयुष्यात भिंग आणि मोजपट्टी याहून जड काही मी नियमित उचललेलं नाही. पण साळवेला घरात एकटं सोडलं की तो काहीतरी उचलेल या धास्तीने मी रोज निगडीहून पिंपरीला जायला लागलो. गॅसचा सिलिंडर मी सरकवायचा, गिरणीतून दळणाचा डबा मी आणायचा, पाण्याची बादली मी ओढायची. साळवे बिचारा हात मागे बांधून उभा राहायचा आणि त्याचे खांदे माझ्या खांद्यांबरोबर आपोआप वर जायचे. संध्याकाळी घरी आलो की माझी बायको पाठीला मलम चोळताना विचारायची, “रिटायर झाल्यावर हे काय नवीन काढलंत?” तिलाही मी काही सांगितलं नाही. शकूवहिनी चार-पाच दिवस नुसत्या बघत होत्या. मग एकदा त्यांनी चहाचा कप हातात देत अगदी मायेने विचारलं, “भाऊजी, तुमच्या घरी सगळं ठीक आहे ना? बाहेर काढलं नाही ना तुम्हाला?”

आणि मग तो घर बदलायचा दिवस आला. टेम्पोवाले दोघं धडधाकट होते, त्यांनी दुपारपर्यंत सगळं सामान तिसऱ्या मजल्यावर चढवलं. लिफ्ट अजून सुरू झाली नव्हती. टेम्पो दुसऱ्या भाड्यावर निघून गेला आणि मग लक्षात आलं, की वहिनींचा पाटा खाली पार्किंगमध्येच राहिलाय. आईने दिलेला काळ्या दगडाचा पाटा. मिक्सरच्या चटणीला चव नसते असं वहिनींचं ठाम मत, त्यामुळे पाटा मागे ठेवायचा प्रश्नच नव्हता. साळवे त्याच्याकडे एक फेरी मारण्याच्या बेताने निघालेला मला दिसला. मी धावत जाऊन पाटा छातीशी धरला आणि जिना चढायला लागलो. पहिला मजला झाला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर माझे हात घामाने सुटायला लागले, पाटा कलला, आणि मागून येणारा साळवे दोन्ही हात पुढे करून झेपावला.

मी ओरडलो, “साळवे, हात लावू नकोस! फुटेल!”

वरून कठड्यावरून वहिनी डोकावल्या. हातात केरसुणी होती. “काय फुटंल?”

मी म्हणालो, “पाटा.”

“दगडाचा पाटा फुटंल? अन् ह्यांनी हात लावला म्हणून?”

मग साळवे माझ्या कानाशी लागून कुजबुजला, “फुग्याचं काय सांगू नकोस तिला!” ही कुजबुज तिसऱ्या मजल्यापर्यंत व्यवस्थित पोहोचली. माझ्या अंदाजाने ती पाचव्या मजल्यापर्यंत गेली असावी, कारण वरचं एक दार उघडल्याचा आवाज आला.

वहिनी खाली उतरल्या. माझ्या हातातून पाटा घेतला, वळणावर जमिनीवर ठेवला आणि त्याच्यावरच बसल्या. “बोला,” म्हणाल्या. आम्ही बोललो. दोघं एकदम, मध्येच एकमेकांना दुरुस्त करत, साहेबासमोर उभे असल्यासारखे. मला वाटलं होतं त्या रडतील. त्या रडल्या नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “कागद कुठायत?” कागद माझ्या घरी होते, माझ्या कपाटात, माझ्या जुन्या विजेच्या बिलांखाली. मी रिक्षा करून निगडीला गेलो आणि घेऊन आलो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी आम्ही दोघं शहाणे तीन आठवडे विसरलो होतो. शकूवहिनी बावीस वर्षं एका मोठ्या दवाखान्यात आया होत्या. इंग्रजी त्यांना सगळं वाचता येत नसे, पण दवाखान्याच्या कागदावर कुठे काय लिहिलेलं असतं हे त्यांना पाठ होतं. न सोडलेल्या गाठोड्यावर बसून, चष्मा लावून त्यांनी कागद उलटेपालटे केले आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं. “हे बघा. इथं रेफर लिहिलंय. रेफर म्हणजे घरी जाऊन मरा असं नसतं. दुसऱ्या डॉक्टरकडं जा असं असतं.”

मी वाकून पाहिलं. खरंच होतं. खाली स्पष्ट लिहिलं होतं, की पोट उघडून शस्त्रक्रिया धोक्याची आहे, तरी रक्तवाहिनीच्या आतून दुरुस्ती करता येईल का यासाठी तज्ज्ञांना दाखवावं. आयुष्यभर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं शोधणाऱ्या मी तो कागद एकदाही उघडून पाहिला नव्हता. साळवे खाली मान घालून म्हणाला, “त्यो डॉक्टर पुढं काहीतरी सांगत होता… पण ‘टेबलावरच’ हे ऐकलं अन् माझे कानच बंद झाले.”

“मी वॉर्डात बावीस वर्षं काढली,” वहिनी म्हणाल्या. “मांडीतून नळी घालून काळजापर्यंत जाताना रोज बघितलंय. पोट तर वाटेतच लागतं!”

दोनच दिवसांनी आम्ही पिंपरीच्या एका मोठ्या रुग्णालयात रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांसमोर बसलो होतो. चाळिशीच्या, बारीक चणीच्या बाई. त्यांनी स्क्रीनवर साळवेचं पोट दाखवलं. ती मोठी धमनी वरून सरळ उतरत होती, बेंबीच्या वर अचानक आंब्याएवढी फुगत होती आणि मग खाली दोन पायांकडे दोन फांद्या होऊन जात होती. बाई म्हणाल्या, की दोन्ही जांघांतून बारीक नळ्या वर नेतात. त्यांच्या आत तारेच्या जाळीची, कापड लावलेली एक नळी घडी करून ठेवलेली असते. ती फुगवट्याच्या जागी नेऊन उघडायची, की रक्त त्या नव्या नळीतून वाहतं आणि फुगवट्याच्या भिंतीवरचा दाब जातो. कमरेखालचा भाग बधिर करायचा, पूर्ण भूल नाही, म्हणून हृदयाला आणि छातीला पेलवतं. पोटाला चिरा नाही. मग त्यांनी धोकेही तितक्याच शांतपणे सांगितले. तपासणीच्या रंगद्रव्याचा त्रास मूत्रपिंडांना होऊ शकतो. पायाचा रक्तपुरवठा अडू शकतो. क्वचित सगळं फसलं तर पोट उघडावं लागतं, आणि ते साळवेंना झेपेल असं मी म्हणणार नाही, असं त्या म्हणाल्या. आणि यशस्वी झालं तरी तपासणीला दरवर्षी यायचं, जन्मभर.

“जन्मभर म्हणजे किती?” साळवेने विचारलं. बाहेरच्या बाकावरचे लोकसुद्धा उत्तराची वाट बघत असावेत.

“तेच वाढवायला बसलोय ना काका आपण,” बाई म्हणाल्या.

साळवेने वहिनींकडे बघितलं. वहिनी डॉक्टरांकडे बघून म्हणाल्या, “करा.” मग थांबून म्हणाल्या, “त्यांना विचारा पण. आता त्यांना विचारल्याशिवाय मी काही करणार नाही. मी त्यांच्यासारखी नाही.” साळवे इतक्या हळू ‘हो’ म्हणाला, की ते फक्त खोलीतल्यांनाच ऐकू गेलं.

नळी साळवेच्या मापाची मागवायची होती, त्यात दहा-अकरा दिवस गेले. या अकरा दिवसांत वहिनी माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मी रोज मोशीला जायचो. चहा यायचा, पण निरोप साळवेमार्फत. “त्यांना म्हणावं, गार होतोय.” साळवेशी त्या बोलायला लागल्या होत्या, भांडून झालं होतं, संपलं होतं. माझ्याशी भांडल्याही नाहीत. ते मला फार लागलं. पण तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी साडेआठला त्याला आत नेलं. दोन तास लागतील असं सांगितलं होतं. साडेदहा झाले, अकरा झाले. प्रज्ञा पॅसेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होती. साडेअकराला एक परिचारिका घाईने बाहेर आली, रक्ताची पिशवी घेऊन आत गेली, आणि आम्हाला कुणी काही सांगितलं नाही. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, मी दोन खुर्च्या सोडून. मला एकदम वाटलं, तो आतच राहिला तर हे अकरा दिवसांचं मौन माझ्याजवळ कायमचं राहील. मी उठून त्यांच्यासमोर उभा राहिलो. “वहिनी, चुकलो मी,” म्हणालो. “माफ करा.”

त्यांनी वर बघितलं. “माफी राहू द्या, भाऊजी. बसा आधी.” मी बसलो. त्या म्हणाल्या, “माझा पाटा दोन मजले चढवलात तुम्ही. हात सोलवटले तुमचे, मी बघितलं. पण एक शब्द उचलून माझ्यापर्यंत आणता आला नाही. मी रडले असते, हो. खूप रडले असते. पण रडून झाल्यावर कागद मागितला असता.”

त्यांनी पिशवीतून डबा काढला, पोळी-चटणीचा एक घास माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, “खा. पाट्यावरची आहे.” ती चटणी इतकी तिखट होती की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. निदान त्या चटणीने आलं असं मी तेव्हा म्हणालो.

साडेबाराला डॉक्टरबाई बाहेर आल्या. टोपी काढली, कपाळावर घामाची रेघ. “उजव्या पायाची धमनी अरुंद आणि नागमोडी निघाली, तिथून नळी वर जाईना. थोडं रक्तही गेलं. वेळ लागला, पण झालं. नळी छान बसलीय. दोन्ही पाय गरम आहेत.” आणि मग हसायला लागल्या. “काका सबंध वेळ जागे होते. आम्ही इकडे माप घेतोय आणि ते साचा कसा भरायचा हे आमच्या टेक्निशियनला शिकवतायत. बोलले की पोट हलतं, स्क्रीनवर चित्र हलतं. शेवटी मी म्हटलं, काका, तुम्हाला शकूमावशींची शपथ आहे. तेव्हा गप्प झाले.”

दुसऱ्या दिवशी तो पॅसेजमध्ये चालला. चौथ्या दिवशी घरी आला. जांघांत दोन बोटभर खुणा, बाकी पोट जसंच्या तसं. नव्या घरी भन्तेजींना बोलावून वंदना करायची राहिली होती, ती पुढच्या पौर्णिमेला झाली. साळवे पहिल्या रांगेत बसून सगळ्यांच्या वरच्या पट्टीत त्रिशरण म्हणत होता. कुणी त्याला हळू म्हण असं सांगितलं नाही.

त्यानंतरची सहा वर्षं म्हणजे आम्हाला वरकड मिळालेला ऐवज. पहिल्या वर्षाच्या तपासणीत नव्या नळीच्या मागून फुगवट्यात थोडं रक्त झिरपताना दिसलं, तेव्हा आम्ही पुन्हा हादरलो. बाई म्हणाल्या, फुगवटा वाढत नाहीये, वाट बघू. पुढच्या वर्षी ते झिरपणं आपोआप थांबलं होतं आणि आंबा लिंबाकडे झुकायला लागला होता. पाच किलोपर्यंत वजन उचलायला परवानगी मिळाली. झालं! साळवेने बाजारातून लटकवायचा ताणकाटा आणला. भाजीची पिशवी आधी काट्याला लागायची, पाच किलो भरेपर्यंत त्यात बटाटे टाकले जायचे, आणि मग तो ती अशा रुबाबात उचलायचा की बघणाऱ्याला वाटावं हा सिलिंडर नेतोय. प्रज्ञाला मुलगी झाली तेव्हा हा दवाखान्यात पहिलं वाक्य बोलला, “तीन किलो दोनशे. बसती माझ्या हिशेबात!” आणि नात उचलून घेतली. पोरगी सहा महिन्यांत सात किलोची झाली. तेव्हा त्याने मला न विचारता, वहिनींना न सांगता, थेट डॉक्टरबाईंना फोन लावला. “मॅडम, लिमिट वाढवून पाहिजे.” कशासाठी ते कळल्यावर बाई म्हणाल्या, की नातीला लिमिट लागू नसतं, फक्त वाकून उचलू नका, कुणीतरी हातात द्या. ते ‘कुणीतरी’ म्हणजे पुढची दोन वर्षं मी होतो.

सोसायटीत कुणाचं सामान आलं की तो खाली जाऊन उभा राहायचा. हात पाठीमागे बांधलेले, आणि तोंडाने सूचना. “पाय वाकव, कंबर नको! अरे बाबा, कपाट हाय ते, नवरी नाही, घट्ट धर!” उदगीरला तीनदा जाऊन आला. भावाशी पंधरा वर्षं अबोला होता, तो मिटवून आला. शकूवहिनींना घेऊन आळंदीच्या रस्त्याने रोज संध्याकाळी चालायला जायचा. त्यांचं बोलणं, म्हणजे त्याचं बोलणं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऐकू यायचं. वहिनी मला एकदा म्हणाल्या, “एकतीस वर्षं शिफ्टा सांभाळण्यात गेली. संसार खरा आत्ता चाललाय.”

दरवर्षीच्या तपासणीला आम्ही तिघं जायचो. आत बोलावेपर्यंत तास-दीड तास मोडायचा. साळवे त्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या रांगेत स्वस्थ बसायचा नाही. ज्याचा चेहरा उतरलेला दिसेल त्याच्याशेजारी जायचा. “काय, फुगा का? किती सेंटिमीटर? माझा साडेसहा होता.” आणि दोन वाक्यांत समोरच्याचा विश्वास बसला नाही तर पट्ट्याला हात घालायचा. “भोकं दाखवू का?” वहिनी लांबून ओरडायच्या, “अहो, झाका!” डॉक्टरबाई रागावायच्या नाहीत. पुढे पुढे तर त्याच घाबरलेल्या पेशंटला सांगायच्या, बाहेर साळवेकाका बसलेत, पाच मिनिटं त्यांच्याशी बोला आणि मग ठरवा.

या डिसेंबरात त्याला ताप आला. छाती मुळात कमजोर, तीत न्युमोनिया झाला. आठ दिवस दवाखान्यात होता. शेवटच्या भेटीत त्याच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. त्याने खूण केली म्हणून मी वाकलो. माझ्या कानाशी तो काहीतरी म्हणाला, आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा शेजारच्या कॉटवरच्या माणसाने वळून बघितलं नाही. “ऐकू आलं का?” तो म्हणत होता. मी मान हलवली. “बघ… जमलं की हळू बोलायला.” आणि मास्कच्या आत हसला. दोन दिवसांनी सकाळी वहिनींचा तो फोन आला.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सगळी सोसायटी होती, कंपनीतले जुने लोक होते, डॉक्टरबाईही दहा मिनिटं येऊन गेल्या. वहिनी सावरलेल्या होत्या. पुढे पाच आठवड्यांनी त्यांच्या मोबाइलवर रुग्णालयाचा मेसेज आला, साळवेच्या वार्षिक तपासणीची तारीख. बाईंना माहीत असलं तरी यंत्राला कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, फोन करून रद्द करू. वहिनी म्हणाल्या, “नको, जाऊन सांगू. त्या दिवशी आपण तिथं जातो.”

आम्ही गेलो. खिडकीवर सांगून नाव कमी करून घेतलं, पाच मिनिटांत काम संपलं. तरी वहिनी जाऊन त्या खुर्च्यांच्या रांगेत बसल्या, म्हणून मीही बसलो. समोर एक जोडपं होतं, साठीच्या पुढचं. त्या बाईच्या मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट, आणि नवरा तीन खुर्च्या सोडून, खिडकीकडे तोंड करून बसलेला. मी वहिनींकडे बघितलं. त्या उठल्याच होत्या. पलीकडे जाऊन त्या बाईच्या शेजारी बसल्या आणि विचारलं, “काय झालंय त्यांना?”

“पोटातली नस फुगलीय म्हणतात,” ती बाई म्हणाली. “मला तर कालच कळलं. ह्यांना दोन महिने माहीत होतं…”

“असं का,” वहिनी म्हणाल्या आणि त्या गृहस्थांच्या पाठीकडे एकदा रोखून बघितलं. मग आवाज मऊ करून बोलायला लागल्या. “आमच्या ह्यांचं इथंच झालं. पोट उघडलं नाही.”

“आता कसे आहेत ते?” त्या बाईने विचारलं. मला वाटलं, वहिनी आता विषय बदलतील.

“गेले. दीड-दोन महिने झाले,” वहिनी म्हणाल्या. “छातीनं गेले, ह्यानं नाही. पण मधली सहा वर्षं काय झालं ते सांगते तुम्हाला. आमच्याकडं एक काटा होता…”

मी कॅन्टीनमधून चहा आणायला गेलो. तिथे गर्दी होती, वेळ लागला. कप सांभाळत परत आलो तर लांबूनच हसण्याचा आवाज आला. ती बाई पदर तोंडाला लावून हसत होती, वहिनी हातांनी नातीचं वजन दाखवत होत्या, आणि ते गृहस्थ मधल्या तिन्ही खुर्च्या ओलांडून बायकोला खेटून बसले होते. एक्स-रेचं पाकीट आता त्यांच्या मांडीवर होतं. “मग पुढं काय झालं?” त्यांनी विचारलं.

मी एक चहा त्यांना दिला.